वाचकांचे प्रश्न : राक्षसाने हसू नये

प्रश्न : जुन्या भयपटांची आवड आमच्या घरात वडिलांपासून आहे. मेल ब्रूक्स यांचा ‘यंग फ्रँकनस्टाइन’ हा जुन्या ‘फ्रँकनस्टाइन’पटांचे विडंबन करणारा चित्रपट लावला की मुले पोट धरून हसतात आणि वडील उठून आत जातात. ही मूळ चित्रपटाची टवाळी आहे, असे त्यांचे म्हणणे. विडंबनाने जुन्या भयपटाचा मान राखला जातो की तो उथळ होतो?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे. विडंबन म्हणून जे खपते त्यातले बरेचसे विटंबनाच असते. पण या चित्रपटावर तो आरोप लागू होत नाही.

१९३१च्या ‘फ्रँकनस्टाइन’मधल्या प्रयोगशाळेत ठिणग्या उडवणारी जी यंत्रे दिसतात, ती केनेथ स्ट्रिकफाडन यांनी तयार केली होती. १९७४ साली ब्रूक्स यांनी त्यांची नक्कल करून घेतली नाही. तीच जुनी यंत्रे मिळवली, आणि मूळ चित्रपटात ज्यांचे नाव आले नव्हते त्या स्ट्रिकफाडन यांचे नाव पडद्यावर दिले. चित्रपट कृष्णधवलच हवा, या हट्टापायी एका स्टुडिओशी जमत आलेला व्यवहार मोडून ते दुसऱ्याकडे गेले. प्रसंग संपताना चित्र वर्तुळात मिटत जाते, तीही तिशीच्या दशकातली रीत. नुसती टवाळी करायची असती तर एवढी खटपट कोणी केली नसती.

आता एकच प्रसंग जवळून पाहा. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’मध्ये जखमी राक्षस एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत येतो. म्हातारा त्याला जेवू घालतो, वाइन पाजतो, चिरूट ओढायला शिकवतो. ब्रूक्स यांच्या चित्रपटात हाच म्हातारा कढत सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो, पेल्याला पेला असा आदळतो की राक्षसाचा पेला फुटून जातो, आणि चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवतो. हसू येते ते म्हाताऱ्याच्या उतू जाणाऱ्या पाहुणचाराचे. राक्षस झालेले पीटर बॉइल मात्र सूप खरेच कढत असल्यासारखे कळवळतात. राक्षसाचा भुकेलेला एकाकीपणा मूळ चित्रपटात होता तसाच इथे शाबूत आहे. तो काढून टाकला असता तर उरली असती नुसती सांडासांड.

आणखी एक गोष्ट वडिलांना दाखवा. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकनस्टाइन’मध्ये लाकडी हाताचा इन्स्पेक्टर बाणफेकीचा खेळ खेळताना हातातले बाण सरळ स्वतःच्या त्या हातात खोचून ठेवतो. हा विनोद मूळ चित्रपटातलाच. ब्रूक्स यांनी तो फक्त ताणला. १९३५च्या चित्रपटातही दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी हशाच्या जागा मुद्दाम पेरल्या आहेत. भय आणि हसू पहिल्यापासून एकाच घरात नांदत होते.

हे राक्षस उथळ झाले ते मुळात विनोदामुळे नव्हे, अतिवापराने झाले. १९४४ आणि १९४५ साली युनिव्हर्सल या स्टुडिओने गंभीर म्हणवणाऱ्या चित्रपटांत ड्रॅक्युला, लांडगा-मानव आणि फ्रँकनस्टाइनचा राक्षस अशी सगळ्यांची गर्दी केली. एकालाही धड वाव नाही. १९४८ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर हेच राक्षस आले, तेव्हा बेला लुगोसी यांनी १७ वर्षांनी पुन्हा ड्रॅक्युलाचा झगा चढवला आणि भूमिका जराही सैल केली नाही. घाबरतात ते कॉस्टेलो. ड्रॅक्युला आपल्या कामात असतो. त्यातच लांडगा-मानव झालेल्या लॉन चेनी धाकट्याने पुढे या जोडीने भयपट बिघडवल्याची तक्रार केली. वडिलांच्या बाजूने बोलणारा साक्षीदार हवा असेल तर तो हा. तरी त्या चित्रपटात चेनी यांचा माणूस चंद्र उगवण्याआधी मला खोलीत कोंडून ठेवा म्हणून विनवतो, तेव्हा त्याची कीव येतेच.

आपल्याकडे ‘झपाटलेला’त (१९९३) हेच साधले आहे. बाहुल्यात गुंड शिरण्याची कल्पना परदेशी, पण लक्ष्याच्या फजितीवर हसणारे प्रेक्षक तात्या विंचू वळून बघताच गप्प होतात. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला कधी विदूषक होत नाही.

पारख करायची तर आवाज पूर्ण बंद करून दोन मिनिटे बघा. सावल्या, नेपथ्य, पात्राची चाल यांवरून तो भयपटच वाटला, तर करणाऱ्याला मूळ चित्रपट येतो. मूक चित्रातही सगळे जण तोंडे वेंगाडताना दिसले, तर वडिलांबरोबर तुम्हीही उठा.

प्रश्न : आमचे मंडळ देवळाच्या जत्रेला नाटक करते. गेल्या वेळी जुन्या पोर्तुगीजकालीन घरात ड्रॅक्युला भाड्याने राहायला येतो, असे अर्ध्या तासाचे प्रहसन केले. हिरवा-तांबडा प्रकाश, धूर, प्लास्टिकचे सुळे, सतत पार्श्वसंगीत, सगळे केले. लोक घाबरले नाहीत आणि हसलेही नाहीत. काय चुकले?
– हौशी नाट्यमंडळ, फोंडा तालुका

उत्तर : प्रत्येक गोष्ट पहिल्या मिनिटापासून चालू राहिली, म्हणून कशालाच धार आली नाही. एकेक काढून बघू.

सुळे आधी काढा. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’त लुगोसी यांचे सुळे एकदाही दिसत नाहीत. प्लास्टिकच्या सुळ्यांनी ‘स’ आणि ‘श’ फिसकटतात, लाळ सुटते आणि मागच्या रांगेला वाक्य कळत नाही. घालायचेच तर शेवटच्या एका प्रवेशात, तेही संवाद नसलेल्या.

संगीतही काढा. त्या चित्रपटात नामावलीनंतर जवळजवळ संगीतच नाही. भीती शांततेतून येते. दार करकरले, की तीन आकडे मोजेपर्यंत कोणी हलायचे नाही. मग घरमालकिणीने आगाऊ भाडे मागावे. आधी ताण बसला असेल तरच ते वाक्य पिकेल.

प्रकाश मात्र नीट लावा. चित्रपटात लुगोसी यांच्या डोळ्यांवर बारीक प्रकाशपट्टी टाकलेली दिसते. टॉर्चच्या तोंडाला काळा पुठ्ठा चिकटवा, त्यात १ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब आडवी फट कापा, टॉर्च विंगेत स्टँडवर घट्ट बांधा. उभे राहायची जागा खडूने आखून द्या, नाहीतर पट्टी कपाळावर पडते. त्या वेळी बाकीचा प्रकाश पाव भागावर आणा.

सावलीसाठी पांढरी चादर ताणून बांधा आणि मागून एकच उघडा, छोटा दिवा ठेवा. दिव्यापासून नट १ मीटरवर, नटापासून चादर ३ मीटरवर ठेवली की सावली चौपट होते. वीतभर पंजा चादरीवर जवळजवळ मीटरभर दिसतो. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात, आणि दुधी काचेचा दिवा घेतला तर कडा विरघळतात. उघड्या मांडवात चादर वाऱ्याने फडफडते, म्हणून खालच्या दुमडीत बांबू घाला. धुराचे यंत्र उघड्यावर वापरूच नका. धूर प्रेक्षकांत जातो आणि पहिल्या रांगेतली म्हातारी माणसे खोकू लागतात.

रंगभूषा आपल्या दमट हवेत वीस मिनिटांत ओघळते. आधी चेहरा थंड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा, रंगाचा थर पातळ द्या, त्यावर पावडर दाबून बसवा, घासू नका. घाम आला तर टिपकागदाने टिपा.

सगळ्यांत मोठी चूक बहुधा ड्रॅक्युलाच प्रेक्षकांकडे बघून हसला ही असणार. नमुना शोधायला लांब जायला नको, आपल्या दशावताराच्या पूर्वरंगातला संकासूर पाहा. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी तांबडी जीभ. वेद चोरणारा असुर, तरी गावच्या बोलीत तो लोकांना खदखदा हसवतो. हसवताना चोरलेले वेद काही तो सोडत नाही, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. तुमच्या ड्रॅक्युलालाही असे एक काम द्या जे तो मुळीच सोडणार नाही. त्याला त्या घरात रक्त हवे आहे. भाडे, नळाचे पाणी, शेजारच्यांचे कुत्रे ही त्याच्या वाटेतली विघ्ने. तो जितका गंभीर, तितका हशा मोठा.

प्रश्न : मोबाइलवर कृष्णधवल विडंबनपट करतो आहोत. राक्षसाचा चेहरा मळकट दिसतो आणि चित्र लुकलुकते.
– महाविद्यालयीन गट, मडगाव

उत्तर : रंगीत चित्र कृष्णधवल करताना उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा ७ धरला जातो. म्हणून तांबूस रंग काळवंडतो. चेहऱ्याला फिका राखाडी-हिरवा रंग द्या. १९३१च्या ‘फ्रँकनस्टाइन’साठी रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफ यांच्या चेहऱ्याला हिरवट रंग दिला तो याच हेतूने. पडद्यावर तो प्रेतासारखा पांढुरका दिसला. रक्ताला चॉकलेट सिरप चालेल, हिचकॉक यांनी ‘सायको’त (१९६०) तेच वापरले. लुकलुक ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या स्वस्त एलईडी दिव्यांची आहे. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवा, प्रकाशमापन लॉक करा. गडद भाग उजळायला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवू नका, दाणे दिसू लागतात. दिवा जवळ आणा.

प्रश्न : ‘गो गोवा गॉन’मुळे झोंबीपटांचा अपमान झाला असे वाटते का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : झोंबींचा नाही. २०१३च्या त्या चित्रपटात ते संथ चालतात, चावतात; नियम पाळले आहेत. आमची तक्रार गोव्याबद्दल आहे. झोंबींना जेवढे निरखून दाखवले, तेवढे इथल्या माणसांना दाखवलेले नाही. पार्टी, नशा आणि एक बेट एवढ्यात गोवा आटोपतो.

प्रश्न : नववीतल्या मुलीला आधी काय दाखवावे, मूळ की विडंबन?
– एक पालक, साखळी

उत्तर : मूळ. ‘फ्रँकनस्टाइन’ ७० मिनिटांचा, ‘ब्राइड’ ७५, ‘सन’ ९९ आणि मग ‘यंग फ्रँकनस्टाइन’ १०६. दोन रविवारांत सहज बसतात. ‘सन’ टाळू नका, नाहीतर लाकडी हाताचा विनोद कळणार नाही. शेवटचा चित्रपट तिने एकटीने आधी बघून घ्यावा, असे आम्ही सुचवणार नाही. त्यात थोडे चावट विनोद आहेत, तेव्हा पालकांनी आधी पाहून ठरवावे.