लष्करी खर्च वाढला की त्या प्रदेशाची आर्थिक वाढ होते का?

प्रदेशाची बहुतेक वेळा होते. देशाची होईलच असं नाही. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या सोडवून घेतो.

एमी नाकामुरा आणि यॉन स्टाइनसन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांची १९६६ ते २००६ या काळातली आकडेवारी तपासली. त्यांचा निष्कर्ष असा, की एखाद्या राज्यातली लष्करी खरेदी तिथल्या उत्पन्नाच्या १ टक्क्याने वाढली, तर इतर राज्यांच्या मानाने तिथलं उत्पन्न साधारण दीड टक्क्याने वाढतं. हा आकडा पुढे करून 'एक डॉलर घाला, दीड मिळवा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कारखाना एका राज्यात येतो आणि कर सगळी राज्यं भरतात, त्यामुळे तोच हिशेब अख्ख्या देशाला लावता येत नाही.

पैसा कशावर जातो, यानेही मोठा फरक पडतो. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण अलाबामातल्या हंट्सव्हिलचं. कापसाच्या व्यापारावर चालणारं हे गाव. १९५० मध्ये लष्कराने आपले रॉकेट-अभियंते तिथे हलवले आणि जेमतेम सोळा हजारांची वस्ती दहा वर्षांत बहात्तर हजारांवर गेली. (यात शहराची वाढलेली हद्दही आहे, हे खरं.) पुढे नासाचं केंद्र तिथेच आलं. संशोधनाचा पैसा असा मागे माणसं आणि कौशल्य ठेवतो. नुसत्या छावणीचा पगार बाजारात खेळतो खरा, पण पलटण हलली की दुकानदार हात चोळत बसतो.

आणि पैसा आटला की? शीतयुद्ध संपल्यावर संरक्षणाच्या ऑर्डरी घटल्या, तेव्हा विमानउद्योगावर विसंबलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियाला १९९० नंतरची मंदी बाकी देशापेक्षा जास्त झोंबली आणि जास्त काळ टिकली. ज्या प्रदेशाचं गिऱ्हाईक एकच, त्याचं नशीब त्या गिऱ्हाइकाच्या अंदाजपत्रकाला बांधलेलं.

देशादेशांची तुलना करणार असाल तर जरा जपून. अर्थतज्ज्ञ एमिल बेनोइट यांना १९७३ च्या अभ्यासात ४४ विकसनशील देशांमध्ये जास्त लष्करी खर्च आणि जास्त वाढ बरोबरीने दिसली, आणि त्यावरून आजही वाद होतो. त्यातल्या बऱ्याच देशांना त्याच काळात परदेशी मदतही भरपूर मिळत होती. वाढ नेमकी कशामुळे झाली, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.