गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरात नव्याने राहणाऱ्यांस

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेतला मोठा बाजार, लागतो, तेव्हा आपण या शहरात नवे असल्याचे सर्व नातेवाइकांना एकाच वेळी आठवते, याची मनाशी तयारी ठेवावी. पाहुण्यांना तारीख देण्यापूर्वी नळाला पाणी कोणत्या दिवशी येते ते पाहावे. मी एकदा हे विसरलो आणि सात पाहुणे व दोन घागरी असा हिशेब जुळवत बसलो.

सात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघते त्या दिवशी गावठाणात दुचाकी नेण्याचा हट्ट धरू नये, कारण गाडी ढकलत चालण्यापेक्षा नुसते चालणे सुखाचे असते. संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाला, मात्र वेळेच्या बरेच आधी पोहोचावे. पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांचा तो समुदाय पाहिल्यावर पाहुण्यांच्या तक्रारी आपोआप थांबतात, निदान जेवणापर्यंत तरी.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी आधीच दुप्पट आणून ठेवावी. चादरीचे म्हणाल, तर प्रत्येक पाहुणा ‘एकच’ मागतो. त्या एकाचा अर्थ मला वीस वर्षांत उमगलेला नाही.