म्हापशात डेंगीची साथ आहे. माझ्या ३२ वर्षांच्या ऑटिस्टिक भावाला धोका जास्त का?
जास्त असू शकतो, पण मुख्यतः दुखणं उशिरा कळतं म्हणून. पोट दुखतंय हे तो सांगेलच असं नाही. रोज मागून घेतलेली सोलकढी ढकलून देणं, एकाएकी चिडणं किंवा गप्प होणं हीच तक्रार समजा. डेंगीत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत फसवे. उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती दिसली तर तडक बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या; आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नको. फिट येत असतील तर फिटची गोळी चुकवू नका, तापात फिट लवकर येते. मात्र नुसत्या ऑटिझमने प्रतिकारशक्ती घटते असं नाही: इंग्लंडने २०२१ मध्ये कोविड लशीत अग्रक्रम दिला तो बौद्धिक अक्षमता असलेल्यांना, केवळ ऑटिझमला नव्हे.