आजोबांची सायकल, बजेट दोन हजार

प्रश्न: आजोबांची जुनी 28 इंची, दांडी ब्रेकवाली सायकल पडून आहे. दोन हजारात चालू होईल का? आणि दांडी ब्रेक काढून केबलचे ब्रेक टाकू का? – एक वाचक, धायरी

उत्तर: होईल की, पण आधी रंगाच्या मागे लागू नका. सगळे तिथेच पैसे घालवतात. पहिले टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चाकांचा आऊट (म्हणजे डुगडुग) काढून घ्या. पायडल मारताना टक-टक होत असेल तर बहुतेक कॉटर पिन (पायडलचा दांडा मधल्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणारी खीळ) झिजलीये, ती स्वस्तात बदलते. दांडी ब्रेक मात्र राहू द्या, कारण त्याचे रबर रिमला आतल्या बाजूनं लागतात आणि केबलच्या कॅलिपरला (रिमला दोन्हीकडून चिमटा घेणारा ब्रेक) रिमची सपाट बाजू लागते, ती तुमच्या गोल कडांच्या रिमला नसते, मग रिमपण बदला, स्पोकपण बदला, बजेट गेलंच ना!

खरी गंमत फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दात्यांच्या चक्रीत आहे. 18 दात्यांचं असेल तर 22 चं टाका, चढाला बराच फरक पडतो, फक्त चेन थोडी वाढवावी लागेल. कॅरिअर, घंटी वगैरे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बघा, घासाघीस करायची. गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं काढा, वर रेडऑक्साइडचा प्रायमर, रंग पुढच्या पगाराला.