वाचकांचे प्रश्न : विलायतेतले शेजारचे ‘इंडियन’ रेस्टॉरंट

मुले, नातवंडे ब्रिटनमध्ये असल्यामुळे तिकडे महिनोन्‌महिने मुक्काम करणाऱ्या वाचकांची पत्रे आमच्याकडे सतत येतात. त्या पत्रांत घराजवळच्या ‘इंडियन’ रेस्टॉरंटविषयी वारंवार विचारले जाते, म्हणून या वेळच्या सदरात त्याच विषयावरचे निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक असून सध्या मुलीकडे बर्मिंगहॅमला आलो आहे. घराजवळच्या ‘इंडियन’ हॉटेलात आम्ही अधूनमधून जेवायला जातो. तेथील मालक आणि वेटर आपसात बंगालीसारखी भाषा बोलतात. कोर्मा, मद्रास, रोगन जोश यांपैकी काहीही मागवले तरी रस्सा मुळात एकच असावा असे वाटते आणि दहा मिनिटांत पदार्थ टेबलावर येतो. भारतीय जेवणाच्या नावाखाली ही ग्राहकांची फसवणूक नाही का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण ऐकलेली भाषा बहुधा सिल्हेटी असावी. ब्रिटनमधील गल्लोगल्लीच्या ‘इंडियन’ रेस्टॉरंटांपैकी बहुसंख्य रेस्टॉरंटे बांगलादेशाच्या ईशान्येकडील सिल्हेट भागातून आलेल्या कुटुंबांनी उभी केलेली आहेत. कोलकात्याहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींच्या इंजिनखान्यात, भट्टीच्या धगीत कोळसा ओढण्याचे काम या भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत असत. त्यांतील काही जण लंडनच्या गोदीत उतरले ते बोटीवर परतलेच नाहीत. हॉटेलांत भांडी घासून आणि बटाटे सोलून त्यांनी चार पैसे जमवले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, बॉम्बहल्ल्यांनी मोडकळीस आलेली कॅफे स्वस्तात मिळू लागल्यावर, त्यांनी ती विकत घेतली. सुरुवातीला ते तळलेल्या मासे-बटाट्यांच्या जोडीला करी-भात ठेवीत आणि पब बंद झाल्यावर बाहेर पडणाऱ्या भुकेल्या गिऱ्हाइकांसाठी रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवीत. १९४७ पर्यंत सिल्हेट हा ब्रिटिश हिंदुस्थानातील आसाम प्रांताचा जिल्हा होता, त्यामुळे पाटीवर ‘इंडियन’ लिहिताना या माणसांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला तोवर ते नाव इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी पक्के रुळले होते.

मेनूवरील यादी मात्र त्यांच्या घरच्या स्वयंपाकाची नव्हती. लंडनमध्ये आधीपासून चालू असलेल्या हिंदुस्थानी धाटणीच्या रेस्टॉरंटांत राबताना त्यांनी ती शिकून घेतली. १९२६ साली रीजंट स्ट्रीटजवळ सुरू झालेले वीरस्वामी हे अशा रेस्टॉरंटांपैकी सर्वांत नावाजलेले.

आता रश्श्याविषयी. या भटारखान्यांत दिवसाची सुरुवात एका मोठ्या पातेल्याने होते. त्यात किलोवारी कांदे, थोडी गाजरे, ढोबळी मिरची, टोमॅटो, आले-लसूण, हळद, धने-जिऱ्याची पूड आणि सढळ हाताने तेल घालून ते सारे पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवतात आणि यंत्राने इतके बारीक वाटतात की शेवटी त्याचे सारासारखे पातळ, पिवळसर मिश्रण होते. चिकन आणि मटण वेगळे शिजवून तयार असते. ऑर्डर आली की आचारी ॲल्युमिनियमच्या उथळ पॅनमध्ये तेल कडक तापवतो, त्यात आले-लसणाचे वाटण, एकत्र केलेली मसाल्याची पूड आणि पाण्यात कालवलेला टोमॅटोचा गर परततो, आणि मग पातेल्यातील रस्सा एकदम न ओतता पळीपळीने घालतो. पहिली पळी मोठ्या आचेवर खदखदून आटते, तिचा मसाला पॅनच्या कडेला चिकटून तांबूस होतो, आचारी तो उलथन्याने खरवडून आत घेतो, आणि मगच दुसरी पळी पडते. पदार्थाची खरी चव या खरवडण्यात आहे, आणि चांगला आचारी कोणता हे त्यावरूनच ओळखावे. यापुढे नारळ, साय आणि साखर गेली की कोर्मा होतो, तिखटाचे प्रमाण वाढवून लिंबू पिळले की मद्रास होतो, आणि हिरव्या मिरच्या व ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतून घातली की जालफ्रेझी होते.

ही पद्धत आपल्यालाही परकी नाही. महामार्गावरील आपल्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात सकाळीच लाल, पिवळी आणि पांढरी ग्रेव्ही करून ठेवतात आणि व्हेज कोल्हापुरीपासून पनीर बटर मसाल्यापर्यंत निम्मा मेनू त्यांतून निघतो. पन्नास टेबले भरलेली असताना प्रत्येक भाजीसाठी नव्याने वाटण घालणे कोणालाही शक्य नाही. म्हणून घरच्या रश्श्याशी त्याची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. ही ब्रिटनमध्ये जन्मलेली, स्वतःचे नियम असलेली पाकपद्धती आहे आणि तिचे मोजमाप त्या नियमांनीच व्हावे.

या दृष्टीने आपण काय मागवावे, हेही सांगतो. मसाला परतून अंगासरशी केलेला ‘भुना’ मराठी जिभेला कोर्म्यापेक्षा निश्चितच जवळचा वाटेल. शिवाय आपण बर्मिंगहॅममध्येच आहात, तेव्हा लेडीपूल रोड आणि स्टोनी लेनच्या परिसरात जाऊन बाल्टी अवश्य खावी. १९७० च्या दशकात तेथील पाकिस्तानी-काश्मिरी वस्तीत हा प्रकार आकाराला आला. पातळ पोलादी पत्र्याच्या बाल्टीतच तो मोठ्या आचेवर झटपट शिजवतात, त्याच भांड्यातून तो टेबलावर येतो आणि चमच्याऐवजी नानच्या तुकड्याने खातात. खाण्याची ही रीत आपल्याला शिकवावी लागणार नाही.

आणखी एक सुचवतो. पुढच्या वेळी गर्दी नसेल तेव्हा वेटरला आपुलकीने विचारा, “भाई, आज तुमच्यासाठी आत काय शिजले आहे?” आचारी आणि वेटर स्वतः जे जेवतात ते मेनूवर सहसा नसते. हाडासकट मटणाचा रस्सा, शातकोरा नावाच्या जाड सालीच्या लिंबवर्गीय फळाच्या फोडी घातलेले कडसर-आंबट मटण, रुई-बोआलसारखे गोड्या पाण्यातील मासे, आणि शुटकी म्हणजे सुकवलेली मासळी, असे ते जेवण असते. बोंबील-सुकटीवर वाढलेल्या माणसाला शुटकीचा वास परका वाटणार नाही. काही ठिकाणी ‘स्टाफ करी’ या नावाने हे पदार्थ गिऱ्हाइकांनाही देतात, पण बहुतेक ठिकाणी ते मागावे लागतात, आणि मागितल्यावर आचाऱ्याला मनापासून आनंद होतो.

प्रश्न : आम्ही मडगावचे. मुलाने लंडनहून विंदालूचा फोटो पाठवला, त्यात चिकनबरोबर चक्क बटाटे होते आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ते जाळ तिखट होते. हे विंदालू कसे?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, कारण गोव्याचे विंदालू आणि हे विंदालू यांचे आता केवळ नावाचेच नाते उरले आहे. मद्य आणि लसणात मांस मुरवण्याची पोर्तुगीज रीत गोव्यात आली, तेथे डुकराचे मांस, माडाचे व्हिनेगर, लसूण आणि सुक्या लाल मिरच्यांचे वाटण असे तिचे रूप ठरले, आणि आंबटपणा हा तिचा प्राण झाला. ब्रिटिश करी हाउसमध्ये मात्र ‘विंदालू’ ही तिखटाच्या चढत्या श्रेणीतील एक पायरी आहे. मद्रासच्या वर विंदालू आणि त्याच्याही वर फाल. मुस्लिम मालकांच्या भटारखान्यात डुकराचे मांस येणे शक्यच नव्हते, आणि मुरवण्यासाठी लागणारा वेळ तर पळीपळीच्या पद्धतीत बसतच नाही.

पारशी धनसाकचेही असेच झाले आहे. मुंबईच्या पारशी घरात कित्येक डाळी, भोपळा-वांग्यासारख्या भाज्या आणि मटण एकजीव होईपर्यंत शिजवून ते तांबूस भात आणि कचुंबरबरोबर रविवारी वाढतात. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी ते जेवतात, म्हणून शुभकार्याच्या दिवशी ते करीत नाहीत. करी हाउसच्या धनसाकमध्ये त्याच मोठ्या पातेल्यातील रश्श्यात शिजलेली मसूर डाळ पडते आणि पुष्कळदा अननसाचे तुकडेही असतात. मला हे दोन्ही पदार्थ तेथे मागवावेसे वाटत नाहीत. विंदालू घरी करावे, आणि धनसाक एखाद्या पारशी घरचे आमंत्रण आले तर तेथेच खावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी असून चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. जुलैपासून त्या आमच्याकडे लेस्टरला असतील. त्यांना अशा रेस्टॉरंटात न्यावे का?

उत्तर : चातुर्मासात तरी नेऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे सर्व पदार्थांचा मूळ रस्साच कांद्याचा असतो आणि फोडणीच्या डाळीतही लसूण हमखास असतो, तेव्हा आचाऱ्याने कितीही सद्‌भावनेने “कांदा घालत नाही” असे सांगितले तरी ते त्याच्या हाती नसते. सुदैवाने आपण लेस्टरमध्ये आहात. युगांडातून १९७२ मध्ये हाकलल्या गेलेल्या गुजराती कुटुंबांपैकी पुष्कळांनी याच शहरात पुन्हा संसार मांडले, आणि ‘गोल्डन माइल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेलग्रेव्ह रोडच्या भागात संपूर्ण शाकाहारी गुजराती भोजनालये आहेत. तेथे कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे सांगितले तर वाढणाऱ्याला त्यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

चातुर्मास संपल्यावर शेजारच्या करी हाउसमध्ये जायचे झाले तर आधी फोन करून काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मूळ रश्श्यात चिकन शिजवलेले पाणी घालतात का, कांदाभजी आणि मटणाचा समोसा एकाच तेलात तळतात का, आणि नानच्या कणकेत अंडे असते का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. मेनूवर ‘शाकाहारी’ असे लिहिलेले असले तरी तेवढ्याने कढई वेगळी असल्याची हमी मिळत नाही. उत्तर देताना माणूस चाचरला तर दुसरीकडे जावे. सासूबाईंच्या बाबतीत ‘चालवून घेऊ’ अशी भूमिका कृपया घेऊ नका. परक्या देशात, भाषा येत नसताना, समोरच्या ताटावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो, आणि तो विश्वास राखण्याची जबाबदारी आपली आहे.

प्रश्न : नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. “शेंगदाणे घालू नका” एवढे वेटरला सांगितले की पुरेसे होते का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. ‘घालू नका’ म्हणण्याऐवजी ॲलर्जी आहे, ती किती तीव्र आहे आणि जिवावर बेतू शकते, हे ऑर्डर देण्यापूर्वी व्यवस्थापकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे रेस्टॉरंटांना कायद्याने बंधनकारक आहे. शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कवचाची फळे, दूध, तीळ आणि मोहरी हे त्यांपैकीच आहेत. धोका विशेषतः कोर्मा आणि टिक्का मसाल्यासारख्या दाट पदार्थांत असतो, कारण त्यांत बदामाची पूड पडते आणि स्वस्त पुडीत शेंगदाण्याची भेसळ असू शकते. २०१४ मध्येच यॉर्कशायरमध्ये ॲलर्जी असल्याचे स्पष्ट सांगूनही अशा पुडीतील शेंगदाण्यामुळे एका ग्राहकाचा मृत्यू झाला आणि २०१६ मध्ये रेस्टॉरंटच्या मालकाला सहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. डॉक्टरांनी दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन नातवाबरोबर नेहमी असू द्या, आणि भटारखान्यातून ठाम उत्तर येत नसेल तर त्या दिवशी त्याचा डबा घरूनच न्या.

प्रश्न : बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असतो, तो द्यावाच लागतो का? आणि साधे पाणी मागितले तर पैसे पडतात का?

उत्तर : मेनूवरील किमतीत तेथील वीस टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे जीएसटीची ओळ वेगळी येते तसे तेथे होत नाही. सर्व्हिस चार्ज, बहुधा दहा ते साडेबारा टक्के, ऐच्छिक असल्याचे बिलावर किंवा मेनूवर लिहिलेले असेल तर तो काढून टाकण्याची विनंती करता येते आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पण सेवा चांगली मिळाली असेल तर तो द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टिप आणि सर्व्हिस चार्जची संपूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना देणे मालकांना भाग आहे, म्हणजे आपण दिलेले पैसे वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांपर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या रेस्टॉरंटला मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी फुकट द्यावेच लागते. मात्र नुसते ‘पाणी’ म्हटले तर बाटली उघडली जाण्याची शक्यता असते, म्हणून ‘टॅप वॉटर’ असे स्पष्ट म्हणावे.