सख्ख्यांपेक्षा सावत्र भावंडं जास्त भांडतात का?

तुम्ही दुसरं लग्न करताय, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, तिची मुलगी सहाची, आणि नातेवाईक म्हणतायत की सावत्र भावंडांचं कधी पटत नाही. सख्ख्यांचं किती पटतं ते विचारा ना त्यांना! माझा सख्खा दादा माझ्याशी बोलत नाही. रात्री-बेरात्री हक्काने फोन करते ती सावत्र बहीण.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी अभ्यासाच्या टेबलावर खडूने रेघ मारली. तिचं खोडरबर अलीकडे आलं की जप्त. बाईसाहेबांनी चुगली केली नाही. ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि चार बोटं माझ्या बाजूला सरकवून नवी मारली. मग जे काही जुंपलं आमचं! नवी आई आली, पट्टीने टेबल मोजलं, बरोबर मध्यावर रेघ ओढली आणि गेली. 'तू मोठी ना, सोड' वगैरे काही नाही.

दादाला मात्र आजी पाठीशी घालायची. माझी वही त्याने फाडली तरी ओरडा मला, का तर 'त्याची आई गेलीय'. आई तर माझीही गेली होती.

कोवल आणि क्रेमर या दोन संशोधकांचा १९९७चा अभ्यास आहे. आईबाप मुलांना वेगवेगळं वागवतात हे मुलांना दिसतंच. पण ज्यांना तो फरक रास्त वाटतो, त्यांचं भावंडांशी जास्त चांगलं असतं. मला कुणी काही पटवून दिलंच नाही.

बाबा आजारी पडले तेव्हा दादा फोनवरून म्हणाला, 'मोठा मी, मी ठरवणार.' रात्री जागत होती ती धाकटी. थोरला म्हणजे जात्याच जबाबदार, हेही खरं नाही. २०१५ साली तीन देशांतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, तर जन्मक्रमाचा स्वभावावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. पाठवलं होतं मी त्याला. उत्तर नाही.

तेव्हा लग्न करा. फक्त तुमच्या मुलाची बाजू तुम्ही आणि तिच्या मुलीची तिने, अशी वाटणी करू नका.

हां, मारहाण, सततचा छळ हे भांडणात मोडत नाही, तिथे लगेच मध्ये पडा. आणि आमच्याकडे घर एकच होतं. तुमची मुलं दुसऱ्या पालकाकडेही राहत असतील तर नियम दोन घरांचे दोन होतात, आणि मुलं ते बरोबर वापरून घेतात. तसं असेल तर झोपायच्या आणि मोबाईलच्या वेळा मोठ्यांनी आधी बसून ठरवा.