वाचक विचारतात: १९२ लेझरचा नेम एकाच जागी लागतो कसा?

प्रश्न: नमस्कार सर, मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात मेंटेनन्सला आहे. मोटर आणि पंपाचं कपलिंग आम्ही लेझर किटनं जुळवतो, ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत आलं की काम झालं म्हणतो. परवा पोरानं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत १९२ लेझर एका जागी मारून फ्युजन केलं म्हणे. एवढे सगळे एका जागी आणतात कसे ओ? आणि बरोबर लागले हे कळतं कशावरनं, लेझर सुटल्यावर आत बघायला कोण थांबणार?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: तुमचा आकडा वाचून मला फार आनंद झाला, कारण कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर लॅबच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत निशाणावर नेमाची जी सरासरी चूक चालते तीही ५० मायक्रॉनच आहे. फक्त तिथं किरण निशाणावर पोचायच्या आधी जवळपास दीड किलोमीटर फिरून येतो. निशाण म्हणजे साधारण १ सेंटीमीटर लांब सोन्याची नळी, आत २ मिलिमीटरची इंधनाची गोळी. नळीच्या दोन्ही तोंडांतून किरण आत जातात, भिंतीवर पडतात, तिथनं एक्स-रे निघतात आणि ते गोळीला चारी बाजूंनी दाबतात, मग आतले हलके अणू जुळून ऊर्जा सुटते, तेच फ्युजन. एका बाजूचा नेम सरकला की गोळी वाकडी दबते आणि सगळं वाया.

आता हिशोब बघा. शेवटची लेन्स निशाणापासून सुमारे ७.७ मीटरवर, म्हणजे ५० मायक्रॉन सरकायला किरणाचा कोन ६.५ मायक्रोरेडियन (रेडियन या कोनाच्या मापाचे दहा लाखांश) बदलला तरी पुरे, आणि आरसा फिरला की किरण दुप्पट फिरतो, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या आरशाची एक कड सव्वा मायक्रॉन वर-खाली झाली तरी खेळ खलास.

जुळवायची पद्धत मात्र तुमच्या कपलिंगसारखीच आहे. तुम्ही ऑफसेट आणि अँगल असे दोन्ही काढता ना, तसंच तिथं एक कॅमेरा किरण मधोमध आहे का बघतो आणि दुसरा कुठल्या दिशेला चाललाय ते बघतो. दोन चुका, म्हणून दोन आरसे हलवायचे. हे सगळं मंद लेझरवर चालतं. कॅमेऱ्यात दिसणारा ठिपका आणि खुणेची जागा यातलं अंतर कॉम्प्युटर काढतो, मोटरला हुकूम देतो, परत बघतो. असे शेकडो कॅमेरे आणि हजारो मोटर. शेवटी निशाण ठेवलेल्या चेंबरच्या मधोमध एक सेन्सर सरकवतात, त्यात निशाण आणि किरण दोन्ही एकाच वेळी दिसतात, मग तो काढून घेतात आणि शॉट मारतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि डिझायनरची खरी कसोटीही तिथंच लागते. शॉट काही नॅनोसेकंदात संपतो आणि त्या प्रकाशात कुठलाही कॅमेरा थेट ठेवला तर जळून जाईल. म्हणून वाटेतल्या आरशामागनं झिरपणारा अगदी थोडा प्रकाश घेतात आणि त्यावरनं एनर्जी, वेळेनुसार पल्सचा आकार आणि किरणात कुठं जास्त तेज साचलंय का ते बघतात. तेज साचलं तर पुढची काच डागाळते. पण झिरपलेला प्रकाश मूळचा नेमका किती भाग आहे हे आधी पक्कं करावं लागतं, त्यासाठी पूर्ण किरण कॅलरीमीटरवर पाडून त्याचं तापमान किती वाढलं ते मोजतात. त्यात परत लेन्समधनं उलटलेलं भुताटकी प्रतिबिंब कॅमेऱ्यात शिरलं तर आकडा चुकतो, म्हणून ते कुठं पडणार हे कागदावरच शोधून ठेवायचं. शॉटनंतर काच तापते, किरणाचा पुढचा पृष्ठभाग वेडावाकडा होतो, तो सपाट करायला मागनं ३९ जागी ढकलता येणारा आरसा असतो. सगळे किरण ३० पिकोसेकंदांच्या आत एकदम पोचावे लागतात, तेवढ्यात प्रकाश फक्त ९ मिलिमीटर जातो!

पोरानं दाखवलेली बातमी बहुतेक ५ डिसेंबर २०२२ च्या शॉटची असणार, निशाणावर २.०५ मेगाज्यूल घातले आणि ३.१५ बाहेर आले. लेझर चालवायला मात्र विजेचे सुमारे ३०० मेगाज्यूल लागले, त्यामुळे यातनं घरात वीज यायला अजून बराच अवकाश आहे.

प्रश्न: मी खानापूरची, बारावी सायन्सला आहे. मला यात काम करायचं असेल तर काय शिकू?

उत्तर: फिजिक्स घे किंवा इन्स्ट्रुमेंटेशन, दोन्हीकडनं वाट आहे, पण ऑप्टिक्सबरोबर इमेज प्रोसेसिंग आणि कंट्रोल सिस्टीम सोडू नको. आपल्याकडे इंदूरला अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लेझरवर काम करतं, त्यांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लेझर नि दोन आरसे मिळाले तर एक जवळ आणि एक लांब अशा दोन खुणांतनं किरण न्यायचा सराव आत्तापासनंच कर.